चाळीस किलोमीटर, एक तास बारा मिनिटं आणि मावसभावाचे स्क्रीनशॉट

प्रश्न: सर नमस्कार. वय ४१, हडपसरला राहतो, आयटीत आहे. तीन वर्षं सायकल चालवतोय. जुलैत सोलापूर रोडवर एकट्यानेच ४० किलोमीटरची टाइम ट्रायल (म्हणजे घड्याळाशी शर्यत) मारली, २० जायचं आणि तिथून यू-टर्न मारून २० यायचं. जाताना अर्ध्या तासात पोचलो, वाटलं आज रेकॉर्डच, आणि येताना ४२ मिनिटं लागली, अक्षरशः वाट लागली. मावसभाऊ इंग्लंडला असतो, तो २५ मैल म्हणजे साधारण तेवढंच अंतर ५६ मिनिटांत मारतो आणि फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतो. आता लाखभराची कार्बन व्हील्स घ्यावी म्हणतोय. घेऊ का? की माझ्यातच दम नाही?
– एक वाचक, हडपसर

उत्तर: दम आहे हो, व्हील्सचं नंतर बघू. आधी तो जुलैतला वारा बघा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो आणि सोलापूर रोड पूर्वेकडे जातो, म्हणजे यवतच्या दिशेने जाताना तुम्हाला मागून ढकलत होता आणि परत येताना छातीवर बसला होता. जाताना ४० चा स्पीड, येताना साधारण २८.६. लोकांना वाटतं जाता-येता फिटंफाट होते, पण होत नाही, कारण वाऱ्याच्या विरुद्ध तुम्ही ४२ मिनिटं घालवता आणि वाऱ्यासोबत फक्त ३०. दोन्ही स्पीडची बेरीज करून भागिले दोन केलं तर ३४.३ येतात, खरी सरासरी मात्र ३३.३. शिवाय जाताना मजा येतेय म्हणून तुम्ही पायातलं सगळं तिथेच सांडलं असणार (मी पण केलंय हे, एकदा नाही, तीनदा). उलटं करायचं असतं. वारा पाठीशी असेल तेव्हा थोडं राखून चालवायचं आणि समोरून असेल तेव्हा थोडं जास्त लावायचं, कारण जास्त वेळ तिथेच जातो.

आता दुसरी गोष्ट. वारा पडलेला असताना सपाट रस्त्यावर, हात ब्रेकच्या हुड्सवर (लिव्हरवरच्या रबरी मुठींवर) ठेवून ३३ ने जायला तुमच्यासारख्याला अंदाजे १९० वॉट लागतात. त्याच पोझिशनमध्ये ४० ने जायचं तर ३१० च्या आसपास. स्पीड वीस टक्के वाढला, ताकद साठ टक्के जास्त लागली! हवा कापायला लागणारी ताकद स्पीडच्या घनाने वाढते, आणि ३३ ला तुमचे तीन-चतुर्थांशाहून जास्त वॉट हवेतच जातात, बाकीचे टायर आणि चेन खातात. म्हणून ३० वरून ३३ सहज येतं आणि ३५ च्या पुढे प्रत्येक किलोमीटरला नाकी नऊ येतात.

आणि ही हवा अडवतं कोण, तर तुम्ही. सायकल नाही. सायकलवाल्याला लागणाऱ्या एकूण हवेपैकी पाऊण भाग, कधी त्याहून जास्त, अंगाला लागते. त्यामुळे माझं ऐकाल तर आधी मित्राला रस्त्याच्या कडेला उभं करा आणि बाजूने आणि समोरून व्हिडिओ काढायला लावा. मी पहिल्यांदा स्वतःचा बघितला तेव्हा लाजच वाटली. मला वाटायचं मी एकदम खाली वाकलोय, आणि प्रत्यक्षात मान ताठ, कोपर लॉक, जसं काही लग्नाच्या स्टेजवर फोटोला उभा आहे, जर्सीची पाठ फुग्यासारखी फुललेली आणि बिब नंबर दोनच पिनांवर लावल्यामुळे पताकेसारखा फडफडतोय. जर्सी एक साइझ कमी घेतली, नंबरला चारही कोपऱ्यांत पिना लावल्या, मान खांद्यात घेतली. खर्च पंधराशे रुपये.

तुम्ही क्लिप-ऑन एरोबार, म्हणजे हँडलवर बसवायचे पुढे आलेले दांडे, लावा. तीन-चार हजारांत बऱ्यापैकी मिळतात. त्यावर कोपर टेकवून हात जवळ आणले की तेवढ्याच १९० वॉटला ३३ चे साधारण ३५ होतात, म्हणजे ४० किलोमीटरला चारेक मिनिटं. लाखाची व्हील्स तुमच्या स्पीडला फार तर मिनिटभर देतील. फक्त एक, एरोबारवर असताना हात ब्रेकवर नसतात, त्यामुळे सोलापूर रोडवर ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागे हे प्रयोग नकोत, रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर सवय करा. पहिले पंधरा दिवस मान आणि कंबर बोंबलेल, आणि त्या पोझिशनमध्ये पाय आधी थोडी कमी ताकद देतात. एकदम खाली जाऊ नका, दर आठवड्याला थोडं थोडं.

आता मावसभाऊ. ५६ मिनिटांत २५ मैल म्हणजे ४३ ची सरासरी, मानलं पाहिजे, पण तो बहुतेक पूर्ण टीटी (टाइम ट्रायल) सायकलवर, टोकदार हेल्मेट आणि अंगाला चिकटणारा स्किनसूट घालून जात असणार, आणि तिकडचे फास्ट कोर्स म्हणजे ड्युअल कॅरेजवे, मधे दुभाजक असलेले मोठे रस्ते. शेजारून ट्रक-गाड्या गेल्या की हवा त्यांच्यासोबत पुढे ओढली जाते आणि सायकलवाल्याला फुकटचा धक्का मिळतो. तिथे लोक कोर्स निवडतात, उबदार, वारा पडलेला दिवस बघतात. कोर्सला नावं नसतात, कोड असतात, जसा हल शहराजवळचा व्ही७१८. या कोडांची गंमत अशी की १९ व्या शतकाच्या शेवटी तिकडे रस्त्यावरच्या रेसवर बंदी आली, मग मंडळी पहाटे पहाटे काळे कपडे घालून, एकेक मिनिटाच्या अंतराने एकटी निघायची आणि पोलिसांना कळू नये म्हणून जागेचं नाव कोडमध्ये. ते कोड अजून चालू आहेत. २५ मैल ५० मिनिटांच्या आत पहिल्यांदा आल्फ एंगर्सने मारले, १९७८ मध्ये, ४९ मिनिटं २४ सेकंद. माणूस बेकरीत काम करायचा.

म्हणजे स्क्रीनशॉटला स्क्रीनशॉटने उत्तर द्यायचं असेल तर त्याला डिसेंबरात इकडे बोलवा आणि एकाच रस्त्यावर, एकाच सकाळी, दोघं साध्या रोडबाइकवर चालवा. तोपर्यंत तुलना फक्त स्वतःच्या मागच्या वेळेशी, तीसुद्धा त्याच रस्त्यावरची.

प्रश्न: ग्रुप राइडला माझी सरासरी ३४ येते आणि एकटी गेले की २९. मैत्रिणी म्हणतात मानसिक आहे. खरंच तसं असतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: मानसिक वगैरे काही नाही ताई, पुढच्याच्या मागे चाकाला चाक लावून गेलं की साधारण तीस टक्के ताकद वाचते. टाइम ट्रायलमध्ये ते चालत नाही, म्हणून तर एकेकाला अंतराने सोडतात आणि ओव्हरटेक झालात तर मागे चिकटता येत नाही. तुमचा खरा आकडा २९, आणि तो वाईट नाहीये. एकट्याने काय होतं ते बघायचं असेल तर बेरिल बर्टन. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधली सायकलपटू, रुबार्ब नावाच्या भाजीच्या शेतावर राबणारी, कधी प्रोफेशनल झाली नाही. १९६७ मध्ये १२ तासांत २७७.२५ मैल, म्हणजे ४४६ किलोमीटर, ३७ च्या सरासरीने, आणि तो आकडा त्या वेळच्या पुरुषांच्या रेकॉर्डच्याही वर. वाटेत तिने पुरुषांत आघाडीवर असलेल्या माइक मॅकनमाराला गाठलं आणि जाता जाता त्याला ज्येष्ठमधाची गोळी दिली. बायकांचा तो रेकॉर्ड २०१७ पर्यंत टिकला.

प्रश्न: काका, टीटीसाठी पाच किलो वजन कमी करू का? आणि टायरमध्ये हवा किती? सगळे १२० पीएसआय म्हणतात.
– कॉलेजकुमार, सांगली

उत्तर: घाटात पाच किलोचा फरक प्रचंड, सपाट टीटीत तासाभरात वीसेक सेकंद, त्यामुळे जेवण सोडू नकोस. पोट असेल तर गोष्ट वेगळी, एरोबारवर वाकलं की मांडी पोटावर आपटते, श्वास नीट घेता येत नाही, माझंच सांगतोय. १२० ची हवा गुळगुळीत ट्रॅकवर ठीक. आपल्या रस्त्यावर टायर दगडासारखा झाला की प्रत्येक खडीवर उडतो आणि तिथेच वेग जातो. तुझं वजन ६५-७० असेल आणि टायर २८ मिलिमीटरचे असतील तर ७५ पासून सुरू कर, पाच-पाच ने कमी-जास्त करून बघ. आणि चेन पुसून ऑइल लाव रे, ते सगळ्यात स्वस्त.