ट्यूब प्रीअँप घेतलास, आता पॉवर अँपचं बघू

बेस गिटारसाठी अलेम्बिक एफ-टू-बी हा ट्यूब प्रीअँप (गिटारचा सिग्नल वाढवून त्याला टोन देणारा डबा) घेतलास ना? मग आधी एक सांगतो. बेस, मिड (मधले स्वर) आणि ट्रेबल हे तिन्ही नॉब पाचवर ठेवून ‘फ्लॅट’ समजू नकोस. त्यातला टोन स्टॅक, म्हणजे या नॉबांचं सर्किट, जुन्या फेंडर अँपच्या धाटणीचा आहे. सगळं मधोमध ठेवलं की मिड खाली बसतो आणि बँडमध्ये तुझा बेस गिटार कुणाला ऐकूच येत नाही. मिड 10, बेस आणि ट्रेबल 2 च्या आसपास, तिथून सुरुवात कर आणि मग कानाला पटेल तसं फिरव.

स्पीकर चालवणारा पॉवर अँप हलका क्लास-डी (ट्यूब नसलेला, कमी वजनाचा) घेतलास तरी चालेल. आवाजाला रंग प्रीअँपमधली 12एएक्स7 ट्यूब चढवते, पॉवर अँपने निमूट ताकद द्यायची. ‘तोही ट्यूबचाच हवा’ म्हणणाऱ्यांना तो तिसऱ्या मजल्यावर चढवायला सांग! वॉटचा आकडा मात्र नेहमी ओहमसोबत (स्पीकरचा विद्युत अवरोध) वाच. 8 ओहमचे दोन कॅबिनेट (स्पीकरचे डबे) समांतर जोडले की 4 ओहम होतात, आणि ब्रिज मोडमध्ये (अँपचे दोन चॅनल एकत्र जोडून) प्रत्येक चॅनलला ते 2 च वाटतात. मागच्या पॅनलवर ब्रिजसाठी किमान 8 ओहम छापलं असेल, तर ब्रिजचा नाद सोड.

पॉवर अँपची इनपुट सेन्सिटिव्हिटी (पूर्ण ताकदीसाठी लागणारा सिग्नल) 0.775 व्होल्ट असेल, तर प्रीअँप जरा उघडताच अँप गर्जायला लागतो. अशा वेळी पॉवर अँपचे नॉब खाली घे, प्रीअँपचा व्हॉल्यूम वर ने.

स्पीकरला गिटारची केबल? अजिबात नको, जाड तारेची स्पीकॉन (स्पीकरसाठीच्या खास कनेक्टरची) केबल घे. चालू करताना प्रीअँप आधी, बंद करताना पॉवर अँप आधी. नाहीतर ‘धप्प’ होऊन स्पीकरच्या कोनला दणका बसतो.