अमेरिकेत डोंगर-जंगलात ट्रेकिंग करताना बाईने हँडगन कुठे बांधावी, म्हणजे त्रास होणार नाही?

छातीवर. कमरेचा होल्स्टर (पिस्तूल ठेवायची म्यान) शहरात ठीक, पण मोठी सॅक घेतली की तिचा कमरपट्टा नेमका त्याच जागी येतो. शिवाय बहुतेक बायकांचं धड आखूड आणि नितंब रुंद, त्यामुळे पिस्तुलाची मूठ बरगड्यांत टोचत राहते. अलास्का, मोंटानाकडचे लोक छातीचा होल्स्टर वापरतात तो यासाठीच. पट्टा एका खांद्यावरून तिरका जातो आणि सॅक त्याच्यावर चढते. बायकांनी होल्स्टर स्तनांच्या खाली, बरगड्यांवर येईल इतका खाली घ्यावा आणि घरीच भरलेली सॅक घालून, वाकून, बसून बघावं. हे सगळं पिस्तूल रिकामं ठेवून.

छातीवर नको असेल तर सॅकच्या कमरपट्ट्यालाच होल्स्टर लावता येतो. पण सॅक उतरवली की हत्यारही तिच्याबरोबर जातं, म्हणून मला तो पर्याय पटत नाही. पर्समध्ये किंवा सॅकच्या कप्प्यात सुटं तर कधीच ठेवू नका. ट्रिगर पूर्ण झाकणारा कडक होल्स्टर हवाच.

अस्वलांची भीती असेल तर बेअर स्प्रे (अस्वलाला पळवणारा तिखट फवारा) आधी घ्या, तोही हाताशी. २०१० पासून नॅशनल पार्कमध्ये त्या राज्याच्या कायद्यानुसार बंदूक बाळगता येते, व्हिजिटर सेंटरमध्ये मात्र नाही. आणि एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या आपल्या मुलींनो, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर तुम्हाला बंदूक बाळगणं हा तिथे फेडरल, म्हणजे केंद्रीय कायद्याखालचा, गुन्हा आहे. मैत्रिणीची बंदूक सांभाळायलाही घेऊ नका.