खान्देशातील लहान स्वयंपाकघराची आवराआवर कोठून सुरू करावी?

आपण विचारले आहे की, जळगावातील दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सासरच्या गावाहून आलेली भांडी, वर्षाचे धान्य आणि वाळवणाचे डबे एकत्र आल्यामुळे ओट्यावर पोळपाट ठेवण्याइतकीही मोकळी जागा उरलेली नाही; तेव्हा काय ठेवावे, काय काढावे आणि एकसारख्या डब्यांचा संच आणावा का? मी यावल तालुक्यातील एका मोठ्या कुटुंबाचे स्वयंपाकघर सांभाळले आणि नंतर भुसावळला लहान घरात संसार मांडला, त्यामुळे ही अडचण मला चांगलीच परिचित आहे.

वर्षभरात जी वस्तू वापरली नाही ती काढून टाकावी, हा सल्ला आपल्याला सगळीकडे मिळेल; परंतु तो आपल्या भागातील घरांना जसाच्या तसा लावता येत नाही. कुरडयांचा सोऱ्या उन्हाळ्यातील चार-आठ दिवसच लागतो, पुरणपोळीचे खापर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निघते आणि भरिताची वांगी ठेचण्याची लाकडी बडगी थंडीत, बामणोदकडची हिरवी वांगी आली म्हणजे. वापर किती वेळा होतो एवढेच पाहिले, तर याच वस्तू सर्वांत आधी घराबाहेर जातील. म्हणून वस्तू रोजच्या, सालाच्या आणि पंगतीच्या अशा तीन वाट्यांत विभागाव्यात. ओटा आणि ओट्याखालचे पहिले दोन कप्पे यांवर फक्त रोजच्या वस्तूंचा हक्क आहे, एवढे एकदा ठरवून टाकले की पुष्कळसे वाद तेथेच मिटतात.

आवराआवर दिवाळीत करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्या सुमारास डबे आणि कोठ्या बऱ्यापैकी भरलेल्या असतात आणि आपण केवळ भरलेले डबे इकडून तिकडे हलवत राहतो. फाल्गुन उतरणीला लागून नवा गहू आणि दादर ही रब्बीची ज्वारी घरात येण्यापूर्वी कोठीचा तळ दिसू लागतो, तो काळ योग्य. त्या वेळी कोठीत जे शिल्लक असते ते मागील वर्षी जास्त झालेले धान्य होय, आणि नव्या वर्षाची खरेदी त्या मापाने कमी करता येते. बारा माणसांच्या वाड्यात बसवलेले सालाचे माप तीन माणसांच्या फ्लॅटमध्ये तसेच चालू राहणे, हे अडगळीचे मोठे कारण असते आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गावाकडे घर असेल तर सालाचे धान्य तेथेच ठेवून चार-चार महिन्यांचे शहरात आणावे.

कोठी रिकामी झाली की ती पुसून कडक उन्हात ठेवावी. मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि ते ऊन धान्य वाळवण्यास उत्तम आहे; दाण्यातील ओलावा 12 टक्क्यांच्या खाली आला की सोंडे आणि टोके या किडींचा उपद्रव पुष्कळ कमी होतो. घरी ओलावा मोजण्याचे साधन नसते, तेव्हा दाणा दाताखाली कट्‌कन फुटतो की नुसता दबतो हे पाहावे. उन्हातून आणलेले धान्य मात्र गरम असताना कधीही भरू नये, कारण ते निवताना कोठीच्या आतून पाणी सुटते आणि वरचा थर कुबट होतो. कोठी भिंतीपासून चार बोटे दूर, लाकडी फळीवर ठेवावी. गव्हाला एरंडेल चोळणे किंवा सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला थराथरांत घालणे पुरेसे असते. धान्यात घालण्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काही जण सुचवतील, परंतु त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू झोपलेल्या माणसांचाही जीव घेऊ शकतो. राहत्या घरात त्या आणूच नयेत, आणि आधीपासून असल्यास आपण त्यांना हात न लावता कृषी विभागाच्या माणसांना विचारून त्यांची विल्हेवाट लावावी.

फेकण्याच्या वस्तूंबाबत थोडे कठोर व्हावे लागते. कुबट वास येणारे किंवा बुरशी धरलेले शेंगदाणे भाजून वापरू नयेत, कारण बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष घरगुती भाजण्याने नाहीसे होत नाही. आपल्याकडे शेवभाजीपासून ठेच्यापर्यंत दाण्याचा वापर सढळ असतो, म्हणून शेंगा टरफलासह साठवाव्यात आणि कूट आठवड्यापुरताच करावा. तळणाचे उरलेले तेल बाटल्यांत साठवण्याची सवय मोडावी. मागील सालच्या कुरडया आणि बिबडे (ज्वारीचे पापड) मात्र कोरडे असतील तर खुशाल ठेवावेत. पाकिटावर ‘या तारखेपूर्वी उत्तम’ असे लिहिलेले असल्यास ती तारीख चवीची आणि दर्जाची असते. वापराची अंतिम तारीख उलटली असेल तर मात्र ते पाकीट टाकून द्यावे.

भांड्यांचा प्रश्न नाजूक आहे. पितळेच्या पातेल्यावर आणि परातीवर आजेसासूबाईंचे नाव आणि लग्नाचे साल कोरलेले असते, आणि मोडीत त्याचे काय मिळेल हा हिशेब घरात कोणी उघडपणे मांडू शकत नाही, मांडूही नये. सासूबाईंच्या गैरहजेरीत एकही भांडे बाजूला काढू नका. उलट त्या आठ दिवस राहायला आल्या असताना त्यांनाच पुढे बसवून, यांतील कोणते कानबाई या देवीच्या सणाला लागते आणि कोणते कोणाला द्यायचे, हे त्यांच्याकडून ठरवून घ्या. माझ्या अनुभवात जुन्या बायका वाटून टाकण्याच्या बाबतीत आपल्यापेक्षा मोकळ्या हाताच्या असतात, त्यांना फक्त विचारले जायला हवे असते. पंगतीची मोठी पातेली, पराती आणि झारे प्रत्येक भावाच्या फ्लॅटमध्ये ठेवण्याऐवजी सर्वांचा मिळून एक संच गावच्या घरी ठेवावा आणि लागेल त्याने न्यावा. पितळेचे जे भांडे स्वयंपाकासाठी ठेवाल त्याला कल्हई करून घ्या, अन्यथा त्यात चिंच, ताक असे आंबट पदार्थ ठेवता येणार नाहीत.

आता ओट्याखालच्या जागेविषयी. नव्या ट्रॉल्या करताना सिलिंडर बंद कपाटात दडवण्याची पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाल्यास जमिनीलगत साचतो, म्हणून त्या कप्प्याच्या दाराला तळाशी जाळी हवी, सिलिंडर उभाच हवा आणि रेग्युलेटरपर्यंत हात सहज पोहोचला पाहिजे. त्यासमोर पिठाचे पिंप किंवा कांद्याची टोपली लावू नये. तिखट आणि काळा मसाला शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवू नका, कारण उष्णता आणि उजेडाने त्यांचा रंग व वास उतरतो. मिसळणाच्या डब्यात आठवड्यापुरते काढून बाकीचे बरणीत, अंधाऱ्या कप्प्यात असावे.

एकसारख्या डब्यांचा संच सध्या आणू नये. आधी सामान कमी झाल्यावर कोणत्या जिनसा उरतात आणि त्या किती लागतात हे एक-दोन महिने पाहावे, मगच मापाने डबे घ्यावेत; आधी घेतलेला संच रिकामा राहतो आणि त्याचीच जागा अडते. घ्यायचे झाल्यास पीठ आणि डाळींसाठी घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे घ्या, काच फक्त लोणच्यासाठी. डब्यावर जिन्नस आणि भरल्याचा महिना चिकटपट्टीवर लिहिला, म्हणजे कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ आणि ज्वारीचे पीठ यांची घाईत अदलाबदल होत नाही, आणि जुने पीठ तळाशी ठेवून वर नवे ओतले जात नाही.