दिवाळीत साइट बसते, मोठा सर्व्हर घ्यावा का?

कुंद्याच्या (बेळगावची दुधाची मिठाई) दुकानाची वूकॉमर्स (वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान चालवायचं प्लगइन) साइट, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑफर टाकली की थोड्याच वेळात ५०३ एरर, म्हणजे सर्व्हरला झेपेना, अशी तुमची तक्रार दिसतेय. सर्व्हरवर एवढ्यात खर्च करू नका.

आधी पेज कॅश लावा, म्हणजे एकदा बनलेलं पान साठवून तेच सगळ्यांना द्या. कॅश नसेल तर तेच पान दर गिऱ्हाइकासाठी पीएचपी आणि डेटाबेसला नव्यानं बनवावं लागतं, तिथंच सर्व्हरचा दम निघतो. कार्ट, चेकआउट आणि माय अकाउंट ही पानं मात्र कॅशमधून वगळाच, नाहीतर एकाची कार्ट दुसऱ्याला दिसायची. बेळगावात आणखी एक भानगड असते. मराठी आणि कन्नड पान एकाच यूआरएलवर, नुसती कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेली गिऱ्हाइकाची निवड) बघून दाखवत असाल, तर कॅश लावल्यावर मराठी गिऱ्हाइकापुढं कन्नड पान येऊ शकतं. भाषेगणिक यूआरएल वेगळी ठेवा.

फोटो वेबपीमध्ये (कमी जागा घेणारा फोटोचा फॉरमॅट) करून सीडीएनवरून (ठिकठिकाणच्या सर्व्हरांचं जाळं) द्या. मोबाइलवर काढलेला ४ एमबीचा फोटो तसाच चढवणं बंद.

मग के६ किंवा जेमीटर या टूलनं लोड टेस्ट करा, म्हणजे खोटी गर्दी सोडून बघा, पण स्टेजिंगवर (साइटची चाचणीसाठीची प्रत), पेमेंट टेस्ट मोडला ठेवून आणि होस्टिंगवाल्यांना आधी सांगून. नुसतं होमपेज ठोकून काही कळत नाही. कार्टपासून चेकआउटपर्यंत सगळं चालवा. स्लो क्वेरी लॉग (डेटाबेसच्या रेंगाळणाऱ्या कामांची नोंद) भरायला लागला तर इंडेक्स (डेटाबेसमधली शोधायची सूची) आणि रेडिस (लागणारा डेटा मेमरीत ठेवणारं सॉफ्टवेअर) बघा. एवढं करूनही सीपीयू १००% ला चिकटला, तर खुशाल मोठा सर्व्हर घ्या.

आणि ऑफर सगळ्या ग्रुपांवर एकदम कशाला टाकता? आधी खानापूर, अर्ध्या तासानं निपाणी, मग बेळगाव.