स्थलांतर करणाऱ्या शिकारी पक्ष्यांची मोजणी करताना एकच पक्षी दोनदा मोजला जात नाही का?

जातो की, कधीमधी. पण तुम्ही पुढे विचारलंय, ‘मग अशा आकड्यांना अर्थ काय?’ त्याचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं. मी अमेरिकेत पूर्व पेनसिल्व्हेनियात राहतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधले बरेच शनिवार-रविवार हॉक माउंटन या डोंगरावरच्या नॉर्थ लुकआउट या टेहळणीच्या जागी काढतो, म्हणून तिथलंच सांगतो.

हॉक माउंटन ज्या किटाटिनी रिजवर आहे, ती मैलोन्‌मैल सलग गेलेली डोंगराची धार. वायव्येचा वारा तिच्यावर आपटून वर उसळतो आणि पक्षी त्या उसळीवर पंख पसरून, फारशी मेहनत न करता दक्षिणेकडे सरकतात. त्यामुळे ते धार सोडत नाहीत. थंडीची लाट पुढे सरकली की वारा वायव्येचा होतो. जाणकार मंडळी नेमकी तेव्हा रजा टाकतात.

मोजायचा नियम सोपा: धारेने दक्षिणेकडे पुढे निघून गेला तोच पक्षी धरायचा. तिथेच रेंगाळणारा स्थानिक रेड-टेल्ड हॉक (लाल शेपटीचा बाज) धरायचा नाही. खरा ताप देतात ती टर्की व्हल्चर गिधाडं. दिवसभर धारेवर ये-जा करतात, त्यातलं प्रवासी कुठलं आणि घरचं कुठलं, यावर वाद ठरलेला.

सप्टेंबरच्या मध्यावर ब्रॉड-विंग्ड हॉक येतात, दक्षिण अमेरिकेकडे निघालेले. हे गरम हवेच्या झोतात थव्याने गोल फिरत वर चढतात. फिरत्या थव्यात मोजायला गेलात तर हमखास चुकाल. थांबायचं. वर झोत संपला की ते पंख किंचित आवळून एकामागोमाग एक पुढच्या झोताकडे घसरत निघतात. तेव्हा हातातल्या काउंटरचं बटण दाबत जायचं. निरभ्र निळं आकाश नवख्याला छान वाटतं, मोजणारा मात्र वैतागतो. ढगावर ठिपका उठून दिसतो, निळ्यात विरून जातो.

रंग-पट्टे दिसायच्या आधी पक्षी उडण्यावरूनच ओळखावा लागतो. शार्प-शिन्ड हॉक, म्हणजे आपल्या शिक्र्याचा भाऊबंद, भराभर चार-पाच वेळा पंख मारतो आणि मग तरंगतो. बाल्ड ईगल या गरुडाचे पंख फळीसारखे सपाट, तर टर्की व्हल्चर पंख वर उचलून डुलत जातं.

आता तुमच्या अर्थाकडे. इथे 15 ऑगस्ट ते 15 डिसेंबर मोजणी चालते. तासातासाला वारा, तापमान, ढग, किती लांबचं दिसतंय, हेही लिहिलं जातं. 1934 मध्ये पक्ष्यांच्या संरक्षणासाठी झटणाऱ्या रोझली एज यांनी हा डोंगर भाड्याने घेतला. तोवर लोक इथे मजा म्हणून बंदुका घेऊन येत आणि ससाणे-बाज ढिगाने पाडत. गॉशहॉक हा मोठा बाज मारला तर राज्य सरकार 5 डॉलर बक्षीस देई! एजबाईंनी राखणदार म्हणून नेमलेल्या मॉरिस ब्राउन यांनी त्याच शरदात मोजायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धातला खंड सोडला तर ते काम आजवर सुरू आहे. एका हंगामात साधारण 18-20 हजार पक्षी नोंदले जातात. ही काही खानेसुमारी नव्हे. पण जागा तीच, नियम तोच, त्यामुळे चूकही दरवर्षी साधारण तेवढीच राहते आणि चढउतार कळतो.

काही प्रश्नांना तर एकूण आकडा लागतच नाही. ब्राउन बाल्ड ईगलचं वयही लिहून ठेवत (पिल्लांचं डोकं पांढरं नसतं, म्हणून ते लांबूनही कळतं). 1935 ते 1939 दरम्यान दिसलेल्या गरुडांत 40 टक्के कोवळे होते. 1955 ते 1959 मध्ये 20 टक्केच उरले. म्हणजे गरुड होते, पण त्यांची नवी पिल्लं फारशी तयार होत नव्हती. लेखिका रेचल कार्सन यांनी 1962 मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध हीच नोंद पुढे केली. 1972 मध्ये अमेरिकेने डीडीटीवर बंदी आणली आणि आता बाल्ड ईगल इथे पुन्हा भरपूर दिसतात. एखाददुसरा गरुड दोनदा मोजला गेला असता तरी या निष्कर्षात फरक पडला नसता.

उलट धोका दुसरीकडेच आहे. आकडा घटला म्हणजे पक्षी घटले, असं लगेच म्हणता येत नाही. हिवाळे सौम्य झाल्याने बरेच रेड-टेल्ड हॉक आता उत्तरेतच थांबतात, इथवर येतच नाहीत. म्हणून एका ठिकाणाच्या नोंदी इतर ठिकाणांशी ताडून पाहाव्या लागतात.

तुम्ही न्यू जर्सी किंवा फिलाडेल्फियाकडे असाल तर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात या. बसायला उशी आणा, वर नुसते दगड आहेत.