टाचेवरचं पहिलं पाऊल

प्रिय लेकरा,

तुझा मेसेज रात्री दोनला आला, म्हणजे रात्रपाळीत वॉर्ड जरा शांत झाल्यावर लिहिला असणार. सकाळी अंथरुणातून उतरताना टाच टेकवत नाही, मोरीपर्यंत भिंत धरून जावं लागतं, दहा-पंधरा पावलांनी पाय मोकळा होतो आणि ड्युटी संपता संपता पुन्हा ठणकतो, असं तू लिहिलंस. हे मी किती सिस्टरांच्या तोंडून ऐकलंय, आणि स्वतःही भोगलंय. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, प्लांटर फॅशिया. रात्रभर तो आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. बहुतेक तुझं दुखणं तेच आहे, पण एकदा अस्थिरोगाच्या ओपीडीत दाखवून घे.

तोवर एवढं कर. खाली उतरण्याआधी पलंगावर बसूनच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घे, बोटं हाताने नडगीकडे ओढ, दहा आकडे मोज, सोड. असं दहा वेळा. मग भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताण. आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडू नकोस, याला महिने लागतात. आणि घरात अनवाणी फिरू नकोस. आपल्याकडे चप्पल उंबऱ्याबाहेर ठेवायची रीत आहे, पण शहाबादी फरशी टाचेला फार कठीण. घरातल्या घरात वापरायला मऊ तळाची वेगळी जोडी आण. सासूबाईंना मी सांगते हवं तर.

आता जे मला खरं सांगायचंय ते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी लातुरात नोकरीला लागून पाच वर्षं झाली होती. पुढचे काही दिवस कोण कुठे बसलं, कधी जेवलं, मला आठवत नाही. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. त्या दिवसांची मला जराही खंत नाही. खंत वाटते ती त्यानंतरच्या साध्यासुध्या दिवसांची. वॉर्डात सहा रुग्ण कमी असले तरी मी उभीच राहायचे, कारण आम्हाला तसंच वळण लागलं होतं. सिस्टर बसलेली दिसली की ती कामचुकार. चार्ट उभ्याने, औषधं मागवायचं इंडेंट उभ्याने, पुढच्या सिस्टरला वॉर्ड सोपवायची ओव्हरसुद्धा उभ्याने. माझे पाय भूकंपाने नाही गं, त्या रोजच्या उभं राहण्याने गेले.

म्हणून नोट्स लिहिताना बस. अगदी ठरवून, रोज. इन्चार्ज काही म्हणाल्या तर शांतपणे सांग की टाचेवर उपचार चालू आहेत. उभंच राहावं लागलं तर टाचा वर-खाली करत राहा. पोटरीचा स्नायू आवळला की पायातलं रक्त वर ढकललं जातं, नुसतं ताठ उभं राहिलं की ते खाली साचतं. घरी गेल्यावर पंधरा मिनिटं पाय उशीवर, छातीपेक्षा उंच.

बुटांवर पैसे खर्च कर. पहिल्या पगारातून साडी घेतलीस, चांगलं केलंस, पुढच्यातून बूट घे. संध्याकाळी दुकानात जा, तेव्हा पाय फुगलेले असतात, खरं माप तेव्हाच कळतं. अंगठ्यापुढे अर्धा इंच जागा हवी, टाचेमागची बाजू दाबून चेपायला नको आणि बूट बोटांपाशीच वाकायला हवा, मधोमध नाही.

रुग्ण उचलणं हे पायांपेक्षा कंबरेचं दुखणं, पण भार शेवटी टाचेवरच येतो. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेची शिफारस आहे की रुग्ण हलवताना एका माणसावर १६ किलोंपेक्षा जास्त भार येऊ नये, तोही सगळं अनुकूल असेल तर. घरातला रिकामा गॅस सिलिंडर साधारण तेवढा भरतो. आणि आपण सत्तर किलोंचा माणूस एकट्याने सरकवतो! वॉर्डातले मदतनीस मामा किंवा मावशी येईपर्यंत दोन मिनिटं थांब, नातेवाइकाला ड्रॉ शीटचं, म्हणजे रुग्णाखालच्या आडव्या चादरीचं, टोक धरायला लाव. पलंगाचे ब्रेक लावलेत का बघ, पलंग वर होत असेल तर कंबरेपर्यंत घे, गुडघे वाकव आणि उचलताना कंबरेत वळू नकोस, पावलं फिरव.

एका गोष्टीवर मात्र मी रागावणार आहे. ट्रेमधली डायक्लोफिनॅकची, म्हणजे दुखणं थांबवायची, गोळी उपाशीपोटी घेऊन राउंडला जातेस, हे तू सहज लिहून गेलीस. वर लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी कमी पितेस. आपल्या मे महिन्यात, बेचाळीस अंशांत! अंगात पाणी नसताना ती गोळी किडनीला किती जड जाते हे तू परीक्षेत लिहिलं आहेस. तेच स्वतःला लागू कर. पाण्याची बाटली औषधांच्या ट्रॉलीजवळ ठेव आणि वॉशरूमला जाताना शेजारच्या सिस्टरला वॉर्ड बघायला सांगून जा.

घरचं कामही यात धर. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी ड्युटीवरून येऊन टँकरच्या घागरी तिसऱ्या मजल्यावर चढवायचे आणि दुखण्याचा दोष फक्त वॉर्डाला द्यायचे. नंतर मुलांनी आणि त्यांच्या बाबांनी पाणी भरायला घेतलं तेव्हा पाय हलके झाले. तुझ्याही घरात धडधाकट हात आहेत.

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली तर ड्युटी संपायची वाट बघू नकोस, तशीच कॅज्युअल्टीत जा, रक्ताची गुठळी असू शकते. तळव्याला मुंग्या आल्या किंवा बधिरपणा आला तर साखर तपासून घे.

रविवारी ऑफ असेल तर ये, गरम भाकरी करते. येताना ड्युटीचे जुने बूट आण, तळ कुठल्या बाजूने झिजलाय ते मला बघायचंय.

तुझी,
सिस्टर मावशी