पहिला करंबिट (वाघनखासारखा वाकडा, मुठीला बोटाची कडी असलेला चाकू) घेताय?
भावा, हौस चांगली, पण आधी बिनधारेचा सरावाचा घे. कडीत तर्जनी अडकवली की गरागरा फिरवायचा मोह होतोच. मी तो आवरला नाही, मनगटाजवळ तीन टाके पडले.

धारेचा घेताना एवढंच बघ:
- कडीतून बोट सहज निघतं ना, हातमोजा घालूनही
- पातं उघडल्यावर लॉक खुळखुळत नाही ना
- दातेरी पातं नकोच, घरी धार लावणं अवघड जातं

रोजच्या खिशाला मात्र साधी घडीची सुरीच बरी. वाकड्या पात्याने द्राक्षाच्या पेटीची सुतळी झकास तुटते, पण पेरू कापून बघ! शिवाय नाशकात सणासुदीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 चा, शस्त्रं बाळगायला मनाई करणारा आदेश निघतो, तेव्हा करंबिट घरीच.